गलबताच्या फळ्यांची मंदूस

हमदूनला कुणी सुतार म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. सुतार दारं-खिडक्या करतो, आपण गलबतं बांधतो, हे तो समोरच्याला इतक्यांदा ऐकवायचा की अरबी किनाऱ्यावरच्या आमच्या सूर बंदरातली पोरंटोरं मुद्दाम त्याला ‘सुतारकाका’ अशी हाक मारून पळायची. चाळीस वर्षं त्यानं खाडीकाठच्या गोदीत लाकूड तासायचा वाकस चालवला. मग फायबरच्या होड्या आल्या, गोदी ओस पडली आणि हा गडी घरी बसला. घरी बसलेला कारागीर म्हणजे बायकोच्या जिवाला घोर. झुवैना सांगायची, दाराची बिजागरी जरा कुरकुरली तर हा माणूस अख्खं दार उतरवून ठेवतो, आणि मग दोन दिवस शेळ्या घरात.

अशात धाकट्या रय्याचं लग्न ठरलं. सुपारी फुटायचा अवकाश, हमदूननं जाहीर करून टाकलं की पोरीची मंदूस बाजारातून येणार नाही. ती मी करणार, घरी, माझ्या अंगणात, अस्सल सागाची. फळीला फळी भिडेल, लोखंडाचा एक खिळा लागणार नाही.

मंदुशीशिवाय आमच्याकडे नवरी उंबरा ओलांडत नाही. कपडे, दागिने, अत्तरं, सगळं त्या पेटीतून जातं. आणि खरी परीक्षा असते ती लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. सासरच्या बायका गोल करून बसतात, नवरी आपल्या किल्लीनं पेटी उघडते, आणि झाकण वर झाल्याबरोबर आतून जो वास येतो त्यावर माहेरची किंमत ठरते. कपडे नंतर बघतात. आधी नाकं पुढे येतात. आता हे बरं की वाईट, मला विचारू नका, मी काही ती रीत पाडलेली नाही.

हमदूनचा हट्ट उगाच नव्हता. थोरली नसरा पंधरा वर्षांपूर्वी इब्र्याला दिली. इब्रा म्हणजे समुद्र पाठीशी टाकून दोन तास आत, डोंगर आणि खजुराच्या बागा. त्या वेळी हमदूनच्या अंगावर मोठ्या गलबताचं काम होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. त्यानं बाजारातून मंदूस आणली. वरून पितळी फुलं, झगमगाट, आतून नुसतं प्लायवूड. तिसऱ्या वर्षी पेटीचा तळ सुटून कपडे जमिनीवर आले. नसराची सासू चार बायकांत म्हणाली, गलबतं बांधणाऱ्याची लेक आणि पेटी बघा, कागदाची. टोमण्याला पाय असतात. दोन तासांची वाट तोडून तो सूरला आला आणि हमदूनच्या कानात जाऊन बसला. नसरा स्वतः कधी चकार शब्द बोलली नाही, पण बापाला ते विसरता आलं नाही.

आता रय्याही त्याच घरात चालली होती, नसराच्या धाकट्या दिराला, यारूबला. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होणार. सासू तीच, बायका त्याच, नाकं तीच. या खेपेला आपल्या पोरीनं त्या घरात ताठ मानेनं शिरायचं, एवढं एकच हमदूनच्या डोक्यात होतं. दुसऱ्यांदा हसू होऊ द्यायचं नाही.

लाकडाचा प्रश्न त्याच्या लेखी प्रश्नच नव्हता. ऐन तारुण्यात त्यानं बापाबरोबर जे पहिलं गलबत बांधलं ते खाडीच्या चिखलात कलंडून पडलं होतं. मालक मेला होता, वारसांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. हमदून रोज ओहोटीला कुऱ्हाड आणि पहार घेऊन जायचा. आठवडाभरात त्यानं अकरा फळ्या सोडवल्या, मलबारी सागाच्या, हातभर रुंद. गाढवावर लादून घरी आणल्या. नवीन सागाचं नाव कुणी काढलं तर तो म्हणायचा, नवीन लाकूड अजून स्वतःलाच ओळखत नाही. आज फुगेल, उद्या आक्रसेल. याला चाळीस वर्षं खारं पाणी आणि ऊन लागलंय, याचं हलणं-बिलणं सगळं संपलंय. आणि खरंच सांगतो, लाकूडकामाच्या हिशेबानं त्याचं काही चुकलं नव्हतं.

दोन महिने अंगणात रंध्यानं सोललेले सागाचे पापुद्रे उडत होते. त्यानं आधी शिंपले खरवडले, जुने खिळे एकेक करून उपटले, भोकांत सागाच्याच खुंट्या ठोकल्या. मग रंधा. वरचं करडं, मिठानं खाल्लेलं लाकूड निघून गेलं आणि खालून मधाच्या रंगाचा साग वर आला तेव्हा तो एकटाच कितीतरी वेळ त्यावर तळहात फिरवत बसला. कोपऱ्यांचे सांधे असे बसवले की नख शिरू नये. झाकण एकाच फळीचं, अखंड. आत तीन चोरखण. बाहेरून पितळी खिळ्यांची नक्षी, पण बेतानं, कारण झगमगाटाला तो पंधरा वर्षांपूर्वी एकदा फसला होता.

रय्या पायरीवर बसून बघायची आणि तोंडाची टकळी चालू ठेवायची. एकदा म्हणाली, “बाबा, ही पाण्यात सोडली तर मलबारला जाईल.”

“जाईल,” हमदून म्हणाला. “आणि तुझ्यासाठी मसाला घेऊन परत येईल.”

शेवटी तेलाचा हात. गलबत पुरं झालं की त्याला तेल पाजायचं, ही आम्हा खाडीकाठच्या लोकांची वहिवाट. मुशीच्या काळजाचं तेल, उन्हात गाळलेलं. त्याचा डबा हमदूनच्या घराच्या कोपऱ्यात त्याच्या स्वतःच्या लग्नापासून होता. त्यानं कापसाचा बोळा भिजवला आणि मंदुशीला आतून-बाहेरून तीनदा पाजलं. लाकूड तुकतुकीत झालं. कुणी म्हणेल, अरे, कपड्यांच्या पेटीला माशाचं तेल? त्याच्या मनात तसा विचार आलाच नाही. झुवैनाच्या आला नाही, रय्याच्या आला नाही, बघायला आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही आला नाही. सगळे एकाच माळेचे मणी. बायका झाकणावर हात फिरवून म्हणाल्या, हमदून, ही तुझ्या नातीच्या नातीला पुरेल. तो दिवसभर हवेत होता.

लग्नाला चौदा दिवस असताना झुवैनानं लोबानाची धुरी देऊन कपडे पेटीत भरले. चार दिवस उरले तेव्हा नसरा इब्र्याहून आली.

रय्या त्या दुपारी मेंदीसाठी मामाकडे गेली होती. नसरानं बुरखा काढून ठेवला, पाणी प्यायली, आणि हमदून जवळजवळ हाताला धरून तिला मंदुशीपाशी घेऊन गेला. बघ म्हणाला. तिनं सांध्यांवरून बोट फिरवलं. बापाच्या हाताखाली वाढलेली पोर, तिला काय बघायचं ते कळत होतं. मग तिनं झाकण उघडलं, आत वाकली आणि तशीच राहिली. खूप वेळ राहिली. हमदूनला वाटलं, चोरखण शोधतेय.

ती वर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. तिनं झाकण हळूच लावलं आणि म्हणाली, “बाबा, कपडे बाहेर काढायला हवेत. वास येतोय.”

कसला, असं त्यानं विचारलं. तेलाचा, ती म्हणाली. मुशीच्या तेलाचा. गलबताचा. रेशमात पार मुरलाय.

हमदूननं स्वतः पेटीत तोंड घातलं. सागाचा वास आला, लोबानाचा आला. तिसरा कुठलाच नाही. त्यानं झुवैनाला हाक मारली. तीही वाकली, दोनदा हुंगून बघितलं आणि म्हणाली, पोरी, मला तर काही येत नाही. नसरा काकुळतीला आली. तुम्हाला येणार नाही, ती पुन्हा पुन्हा सांगत होती, तुम्ही इथं राहता, मलाही लग्नाआधी कधी येत नव्हता.

आणि इथं हमदूनची जीभ घसरली. दोन महिन्यांचे कष्ट, शेजाऱ्यांचं कौतुक, पंधरा वर्षांची सल, सगळं एकदम उसळलं.

“तुला कागदाची पेटी मिळाली,” तो म्हणाला, “म्हणून बहिणीची सागाची डोळ्यांत खुपते होय?”

झुवैनानं तोंडावर हात नेला. नसराचा चेहरा पांढराफटक पडला.

“खुपते असंच समजा,” ती म्हणाली. “पण तिसऱ्या दिवशी त्या बायकांसमोर रय्याला ती उघडायला लावू नका.”

ती आत निघून गेली. बोललेलं परत घेता येत नाही, आणि ते घ्यायला जावं एवढा नम्रपणा हमदूनकडे त्या घडीला नव्हता. पण मनात पाल चुकचुकली होती. त्यानं पेटीच्या तळातली एक ओढणी काढली, कागदात गुंडाळली, काखोटीला मारली आणि बाजारात सुवैदकडे गेला. सुवैद अत्तरं आणि धूप विकतो. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती. हमदूननं पुडकं त्याच्यापुढे ठेवलं आणि पेटीबद्दल अवाक्षर न काढता विचारलं की याला कसला वास येतोय ते सांग.

सुवैद कुणासाठी तरी लोबान तोलत होता. ओढणी त्यानं नाकाशी नेली आणि लगेच हसला.

“हा तर हमदूनचा वास.”

हमदूनला वाटलं, थट्टा करतोय. सुवैद म्हणाला, थट्टा कसली, तू दुकानात पाय टाकतोस ना, मी मान वर न करता ओळखतो. तुझा बाप यायचा तेव्हाही असाच. मुशीचं तेल, मीठ, जुनं लाकूड.

“आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नाही?”

“सांगायचं काय त्यात?” सुवैद म्हणाला. “इथं आपण सगळे तसलेच. मी अत्तरं विकतो म्हणून माझं नाक तेवढं शाबूत.”

त्यानं कहवा मागवला. हमदून थांबला नाही.

खाडीच्या कडेनं परत येताना त्याला इब्रा आठवायला लागलं. पंधरा वर्षांत तो तिथं वीस-बावीस वेळा तरी गेला असेल. दर वेळी त्याची चटई अंगणात, खजुराखाली. बाकीचे पाहुणे आत दिवाणखान्यात, गाद्यांवर, आणि हमदूनसाठी व्याही स्वतः बाहेर येऊन म्हणायचे, समुद्राच्या माणसाला वारा बरा. आणि तो टेकायच्या आत नसरा धुपाटणं घेऊन यायची, त्याच्याभोवती धूर फिरवायची, धूप संपला की पुन्हा निखाऱ्यावर टाकायची. घरी आल्यावर तो झुवैनाला सांगायचा, मला तिथं सरदारासारखं ठेवतात, धूप काय, हवा काय. किती वेळा सांगितलं होतं त्यानं. बाजारातही सांगितलं होतं, याच सुवैदच्या दुकानात बसून.

त्याला भर रस्त्यात लाज वाटली. अंगावरचे कपडे काढून फेकावेत आणि खाडीत बुडी मारावी असं वाटलं. पण स्वतःची लाज एकवेळ परवडली. नसराचा विचार आला तेव्हा त्याचे पाय थांबले. पंधरा वर्षं ही पोर बापाच्या पुढ्यात धूप घेऊन उभी राहिली, बापाला कळू नये म्हणून आणि लोकांना येऊ नये म्हणून. आणि आज तिला आपण काय बोललो. मत्सरी म्हणालो, दुसरं काय.

आणि रय्या? ती अजून हसतखेळत होती. तिला खरं सांगितलं, की बाई गं, आपल्या घराला, तुझ्या बापाला, तुलाही असा वास येतो, तर ती त्या घरात शिरतानाच आपले दंड हुंगत शिरेल. जन्मभर हुंगत राहील. पेटी पाठवली तरी मान खाली, पेटी का पाठवली नाही ते सांगितलं तरी मान खालीच.

तो घरी आला तेव्हा दुपारची झोप चालू होती. अंगणात कुणी नव्हतं. त्यानं पेटीतले कपडे काढून चादरीवर ठेवले. मग पाचर घेतली, झाकणाच्या टोकाला शिरेच्या रेषेत धरली आणि मोगरीचा घाव घातला. मलबारी साग, चाळीस वर्षं लाटा खाल्लेला, एका घावाला दाद देईना. तिसऱ्या घावाला झाकण या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं तडकलं. त्या आवाजानं झुवैना धावत बाहेर आली.

“तडकली,” हमदून म्हणाला.

झुवैनानं झाकणाकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. खाली पडलेली पाचर उचलून पदराखाली घेतली आणि आत नेली.

संध्याकाळी रय्या मेंदीचे हात वर धरून आली आणि बघून रडायला लागली. दुरुस्त करा ना बाबा, म्हणाली. हमदूननं सांगितलं की लग्नाआधी तडकलेली पेटी नवरीबरोबर जात नाही, आणि लाकूड ओळखायला माझंच चुकलं. हे वाक्य त्याच्या तोंडून सूरमध्ये कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं. पोरंच काय, मोठी माणसंसुद्धा म्हणाली, चाळीस वर्षं गलबतं तरंगवली आणि पेटीनं बुडवलं. हमदूननं खाली मान घालून ऐकून घेतलं. त्याच बाजारातून त्यानं प्लायवूडची मंदूस घेतली, पितळी फुलांची, झगमगाटाची. फक्त तळाला घरी आणून स्वतः सागाच्या आडव्या पट्ट्या मारल्या, दहादा साबणानं हात धुऊन.

नसरानं दोन दिवस कपडे धुतले. पाण्यात लिंबू, मग गुलाबपाणी, मग लोबानावर, पुन्हा लोबानावर. रय्याला सांगितलं की झाकणाचा भुसा पडलाय. हमदून दोनदा तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा पाणी हवंय का एवढंच विचारून गेला. पोटच्या पोरीची माफी मागणं हे गलबत बांधण्याहून अवघड आहे, हे मी बापांच्या बाजूनं सांगत नाही, नुसतं सांगतो.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली. बायका म्हणाल्या, सुगंध छान आहे, आणि सासूबाई एवढंच म्हणाल्या की गलबतवाल्यानं पुन्हा बाजारचीच दिली. रय्यानं चटकन सांगितलं, बाबांनी केली होती हो, तडकली. त्यावर सगळ्या हसल्या, रय्याही हसली. तिनं फोनवर हे आईला सांगितलं तेव्हा ती आनंदात होती.

आठवड्यानं रिवाजाप्रमाणे हमदून लेकीला भेटायला इब्र्याला गेला. आदल्या दिवशी तीनदा न्हाला. नवीन झगा, नवीन टोपी. अंगणात चटई घातलेलीच होती. पण यारूब नवा जावई, सासऱ्याचं स्वागत करायच्या उत्साहात घरची रीत विसरला. तो पुढे येऊन हात धरून म्हणाला, “चला बाबा, आत चला, एसी लावलाय.”

घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आतल्या दारात रय्या उभी होती, हसत, वाट बघत. हमदूननं तिच्याकडे पाहिलं. मग जावयाच्या हातातून हात सोडवून घेतला आणि खजुराखाली बसला.

“नको रे,” तो म्हणाला. “समुद्राच्या माणसाला वारा बरा.”

नसरा धुपाटणं घेऊन बाहेर येत होती. हे शब्द ऐकून ती मधेच थांबली. मग मागे फिरून धुपाटणं आत ठेवून आली आणि रिकाम्या हातांनी बापाशेजारी चटईवर बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. व्याही आत गेले. यारूब कहवा आणायला गेला.

“बाबा,” नसरा खालच्या आवाजात म्हणाली, “साग असा आपोआप तडकत नाही.”

“नाही तडकत,” हमदून म्हणाला.

हमदूनला माफी मागायची होती. घरापासून तो ते शब्द जुळवत आला होता. नसरानंच विचारलं, ती तडकलेली पेटी कुठे आहे. अंगणात, भिंतीला लावून ठेवलीय, तो म्हणाला, झुवैना चुलीत घालू म्हणते.

“जाळू नका,” ती म्हणाली. “मी आले की मला तिच्यात तोंड घालून बसायचंय.”

यारूब कहवा घेऊन आला. नसरानं पेला भरून बापाच्या हातात दिला.